सामायिक भिंतीवरचा टीव्ही

संध्याकाळचा चहा पिऊन मी टीव्ही लावला आणि पडद्यावर ते पांढरं गोल फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय, आणि मग सरळ मराठीतून सांगून मोकळं : इंटरनेट जोडलेलं नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, रिमोटवर दोन थपडा मारल्या, आणि माझ्या मनात पहिलं नाव आलं ते भाईचं. माझं आयुष्य एसटीत तिकीट तपासण्यात गेलं. बांद्यापासून नांदगावपर्यंत कुठल्याही वळणावर हात दाखवून मी गाडीत चढायचो आणि बिनतिकिटाचा माणूस मला लांबूनच कळायचा. तो खिडकीबाहेर बघत असतो. अगदी मन लावून बघत असतो, जन्मात भातशेती पाहिली नसल्यासारखा. रिटायर झालो तरी ही नजर कुठे जाते? काल सकाळी शेजारी भाईचं मागचं दार बंद दिसलं, तेव्हाच ती जागी झाली होती. आणि काल दुपारी जेवताना माझी बायको किशोरी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काय, तर माड. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तेच माड आहेत. तेव्हाच मी म्हटलं, सत्यवाना, काहीतरी शिजतंय.

भाई म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, गुरुप्रसाद. तारकर्लीत आमचं बापजाद्यांचं घर एक, पण वाटणी झाली तेव्हा माजघराच्या मधोमध चिऱ्याची भिंत उभी राहिली. देवघर त्याच्याकडे गेलं, कारण देव थोरल्याकडे. विहीर सामायिक, पाणंद सामायिक, आणि ही भिंतही कागदावर सामायिकच, खरी कुणाची ते अजून कोर्टात. मग भाईने पुढच्या माडांत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या, मला न विचारता. मी स्टे आणला. त्याने तो उठवला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. किती वर्षं झाली ते विचारू नका, प्राजक्ता आमची तेव्हा शाळेत होती आणि आज ती पुण्यात स्वतःच्या घराचे पडदे निवडते आहे. विहिरीवर समोरासमोर आलो तर तो कळशीत बघतो, मी आभाळात. फक्त गणपती तेवढा एक राहिला. चुली वेगळ्या झाल्या तरी आमच्याकडे गणपती वेगळा करत नाहीत. चतुर्थीला मी पलीकडे जातो, आरतीला उभा राहतो, भाई ताम्हन माझ्यापुढे धरतो, मी त्याच्या तोंडाकडे न बघता ज्योतीवर हात फिरवतो आणि परत येतो. देवाशी बोलतो, यजमानाशी नाही.

पण यंदा तेही संपवायचं मी ठरवलं होतं. काल-परवा दोन्ही संध्याकाळी सुताराकडे बसून फणसाचा नवा पाट करून आणला होता, टीव्ही लावायलाही फुरसत नव्हती. तो तिथेच, टीव्हीच्या खाली, भिंतीला टेकून उभा होता, अजून ताज्या लाकडाचा वास येत होता त्याला. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत आपापल्या घरचा पाट नेऊन द्यायचा असतो, मूर्तिकार त्यावरच मूर्ती घडवतो. एकदा पाट दिला की संपलं, तुमचा गणपती वेगळा, आणि तो पुन्हा एकत्र झालेला मी तरी या गावात पाहिलेला नाही. उद्या सकाळी मी तो नेऊन देणार होतो. किशोरीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमचा घर, तुमचो गणपती. माका कित्या विचारतास?" आणि बाहेर बघायला लागली. आता मला सांगा, पाट न्यायच्या आदल्याच दिवशी टीव्ही बंद पडतो, हा योगायोग? योगायोगाने मी कधी कुणाला गाडीतून सोडलं नाही.

आधी घरातलं घरात तपासायचं म्हणून मी फोन घेऊन पडवीत गेलो. आमचा राउटर पडवीच्या पार पश्चिमेच्या कोपऱ्यात, वाशाजवळ खिळ्याला टांगलेला आहे. जोडायला आलेला माणूस म्हणत होता, काका, घराच्या मध्यावर लावू, सगळीकडे मिळेल. सगळीकडे म्हणजे? पलीकडे भाईचे पाहुणे येऊन झोपाळ्यावर बसणार आणि माझं नेट ओढणार? मी म्हटलं, हयच टांग. भाईच्या भिंतीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब. तो हसला, मी हसलो नाही. तर राउटरवर सगळे दिवे हिरवे, त्याच्याखाली उभं राहून फोनवर सगळं दिसत होतं, मालवणच्या बाजारातले बांगड्याचे भाव आणि कुणाच्या तरी बारशाचे फोटोसुद्धा. म्हणजे नेट होतं. माजघरात टीव्हीपर्यंत जात नव्हतं. वाटेत कुणीतरी अडवत होतं. मी दारात उभा राहून ती वाट डोळ्यांनी मोजली, पडवी, मग बैठकीची भिंत, मग कोठाराची भिंत, मग माजघर, आणि तिथे त्या मेल्या सामायिक भिंतीवर माझा टीव्ही. पलीकडे भाई. त्याच्या खोल्यांसाठी तो कसल्या कसल्या वायरी आणतो, मुंबईचे पाहुणे त्याला काय काय शिकवून जातात. भिंतीला लावून एखादं यंत्र ठेवायला त्याला किती वेळ?

कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून एक मुलगी बोलली, शुद्ध पुस्तकातल्यासारखं. मीही ऑफिसातलं मराठी काढलं.

"सर, राउटर आणि टीव्हीच्या मध्ये किती भिंती आहेत?"

"दोन. तिसरी कोर्टात आहे."

"सॉरी सर?"

"काही नाही. दोन आहेत. चिऱ्याच्या."

"मग सिग्नल पोहोचत नसेल सर. राउटर टीव्हीच्या जवळ आणून बघा."

"अहो बाई, तीन दिवसांमागे कसा पोहोचत होता? वर्षभर बघतोय मी. चिरे काय रात्रीत जाडे झाले?"

तिने मला टीव्ही बंद करून चालू करायला सांगितलं, ते मी आधीच चार वेळा केलं होतं. मग ती म्हणाली, पासवर्ड कुणी बदलला आहे का घरात? घरात म्हणजे मी आणि किशोरी. मी फोन ठेवला आणि किशोरीला हाक मारली. ओ नाही. मागचं दार उघडं, चूल विझलेली, तिच्या चपला जागेवर नाहीत. दिवेलागणीला ही जाते कुठे? काल मी सुताराकडून आलो तेव्हाही नव्हती. परवा दुपारी मी अंगणात आलो तर माडाआड फोनवर हळू आवाजात बोलत होती, मला बघितल्यावर म्हणाली, "बचतगटाचा काम." बचतगटाचं काम करताना बायकांचा आवाज वाढतो, उतरत नाही, हे काय मला कळत नाही?

मी टीव्हीसमोर येऊन बसलो. रोज या वेळी मी दशावतार लावतो. आता सगळ्या मंडळ्यांची नाटकं कुणी ना कुणी फोनवर चढवतंच, मंडपात चटईवर बसून मान मोडून घ्यायला नको. लहानपणी आम्ही दोघे नाटकाला जायचो तेव्हा भाई मला खांद्यावर घ्यायचा. तो काही फार मोठा नव्हता, चार-पाच वर्षांनी पुढे, पण दांडगा. दैत्य आला की मी घाबरून त्याचे केस धरायचो. तो ओरडायचा, "सोड रे मेल्या, टक्कल करतलस!" आणि तरी खाली ठेवायचा नाही. त्याला पुढे खरंच टक्कल पडलं. हे मला आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं. समोर पडदा रिकामा असला की माणसाच्या डोक्यात काहीही यायला लागतं, म्हणून तर टीव्ही हवा. खरं सांगायचं तर टीव्ही त्या भिंतीवर मी मुद्दाम लावला आणि आवाज मोठा ठेवतो तोही मुद्दाम. पलीकडे कळू दे, सत्यवान मजेत आसा. पखवाज वाजायला लागला की भिंतीवरचं घड्याळसुद्धा हलायचं. भाईने कधी तक्रार केली नाही. यातच मला संशय यायला हवा होता. ज्याने त्याच्या अंगणात झुकलेल्या माझ्या आंब्याच्या एका फांदीवरून तलाठ्यापर्यंत धाव घेतली, तो माणूस एवढा आवाज गप्प बसून सोसतो?

मी उठून भिंतीला कान लावला. चिरे गार होते. पलीकडे काही म्हणजे काही नाही. सुभद्रावहिनीचं खोबरं किसणं नाही, भाईचा तो खाकरा नाही. रोज नाटक सुरू झालं की तो एकदा खाकरायचा. घर रिकामं असल्याखेरीज एवढी शांतता होत नाही, हे मला पटलं, पण रिकामं का असेल? श्रावणात पाहुणे नसतात, शेतीची कामं आटोपलेली. मग मला वाटलं, वकिलाकडे गेले असणार दोघे. मी पाट केल्याचं सुताराने सांगितलं असेल. आता हा गणपतीवरूनही दावा लावतोय की काय? मी भिंतीवर दोनदा मूठ आपटली. उत्तर म्हणून एक पाल चुकचुकली, तीही माझ्याच बाजूची.

शेवटी प्राजक्ताला पुण्याला फोन लावला. ती स्वयंपाक करत होती, फोडणीचा आवाज येत होता.

"बाबा, सेटिंग्जमध्ये जा. नेटवर्क उघडा. आधी तो कशाला जोडलेला होता ते खाली लिहिलेलं असेल."

"आपल्याच नेटाक. दुसऱ्या कोणाच्या?"

"वाचा तर खरं."

मी रिमोटने एकेक पायरी उतरत गेलो. खाली लिहिलं होतं : आधी जोडलेलं नेटवर्क, माऊली. त्याच्या शेजारी, सध्या उपलब्ध नाही.

माऊली हे भाईच्या खोल्यांचं नाव. रस्त्यावर पिवळी पाटी आहे, आईच्या नावाने म्हणून लोकांना सांगतो. आई काय एकट्याची होती?

"बाबा? काय लिहिलंय?"

"काय नाय. तू तुझी फोडणी बघ," म्हटलं आणि फोन कापला. माझ्या टीव्हीत भाई. वर्षभर. माझ्या माजघरात, मी लुंगीवर बसलेला असताना, घोरत असताना, किशोरीशी त्याच्याबद्दल बोलत असताना. मी किती काय काय बोललो असेन! बातम्यांत सांगतात, हे नवे टीव्ही ऐकतात, बघतातही. त्याला कुणीतरी शिकवलं असणार, भिंत न फोडता आत कसं शिरायचं. मी दोरीवरची चादर ओढली आणि टीव्हीवर टाकली. चादरीखाली तो उभ्या माणसासारखा दिसायला लागला, मग मी नवा पाट खाली आडवा करून त्यावर बसलो, टीव्हीकडे पाठ करून. गणपतीच्या पाटावर बसू नये हे बसल्यावर आठवलं. उठलो.

तेवढ्यात किशोरी मागच्या दाराने आत आली. हाताला तिळाच्या तेलाचा वास, आणि पदराच्या गाठीला काहीतरी जड. तिने आधी चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्या काय? टीव्हीक थंडी वाजता?"

"खंय गेल्लंस?"

"हय तर होतंय."

"पदरात काय आसा?"

तिने खिडकीकडे मान वळवली आणि मी म्हटलं, "भायर बघू नको! माडच आसत थय! पदरात काय आसा ता सांग."

माझा आवाज एवढा चढला की तीही दचकली. गाठ सोडून तिने चावी माझ्यापुढे पाटावर ठेवली. जुनी, लांब दांड्याची चावी. भिंत उभी राहायच्या आधी मी ती शेकडो वेळा फिरवली होती. देवघराच्या बाजूच्या मागल्या दाराची.

"भाईंच्या देवाक दिवो लावूक गेल्लंय," ती म्हणाली. "आणि टीव्हीचा काय इचारतास, तर टीव्ही पयल्या दिसापासून भाईंच्याच नेटार चलता. तुमी मालवणाक गेल्लास, जोडूक माणूस इलो. आपला नेट हय येणा नाय, तुमी ता पडवेच्या टोकाक नेवन टांगलास. तो म्हणालो, बाई, ह्यो चलाचो नाय. मी म्हटलंय, आता आमचे ह्ये इले की घर डोक्यार घेतले. तर खिडकीतसून भाईंनी पासवर्ड सांगल्यानी. वर म्हणाले, तेका सांगा नको, टीव्ही उचलून भायर टाकीत."

मी टाकला असता. हे त्याला कसं कळलं, याचाच मला आधी राग आला.

"आणि आता तोडल्यान. पाटाचा कळला म्हणान तोडल्यान."

"तोडूक तो हय आसा खंय?" किशोरीचा आवाज फाटला. "परवा पाटेक छातीत कळ इली. गोव्याक नेल्यानी. उद्या सकाळी ऑपरेशन आसा. सुभद्रावयनीन जाताना मेन स्विच बंद केल्यान, पावस-वीज म्हणान. चावी माका दिल्यान, दिव्यासाठी. आणि भाईंनी सांगल्यानी, सत्याक सांगा नको. तो येवचो नाय, आणि मगे तेच्याच मनाक लागात."

तपासनिसाला असं कधी होत नाही. माणूस पकडला, खिसे उलटे केले, आणि त्यात निघालं ते आपलंच.

"तुका म्हायत होता," मी म्हटलं, "तर तू मेन चालू कित्याक नाय केलंस? टीव्ही लागलो असतो. माका काय कळला नसता."

"म्हणानच नाय केलंय," ती म्हणाली. ती आता रडत होती, पण बघत होती सरळ माझ्याकडे. "म्हटलंय, पडांदे बंद. बंद पडल्याबगर तुमका भाईंची याद येवची नाय. उद्या तुमी ह्यो पाट व्हरतलास, आणि उद्याच थय तेंची छाती उघडतले. माका सांगूक नको सांगल्यानी. मेन चालू कर म्हणान कोणी सांगूक नव्हता."

म्हणजे माझा संशय खरा होता. ही खरंच काहीतरी शिजवत होती. मी चावी उचलली. कोणत्या दाराने जायचं ते पायांना ठाऊक होतं. विहिरीला वळसा घालून, जास्वंदीखालून, मागल्या पायरीवर. चावी अर्धी फिरून अडते, दार उचलून धरावं लागतं, तेही हाताने आपणहून केलं. आत अंधार होता आणि देवघरात किशोरीने लावलेला दिवा. फोनचा उजेड धरून मी मेन स्विच शोधला, तो बापाच्या वेळेपासून जिथे होता तिथेच, फळीच्या वर. दांडी ओढली. कुठेतरी फ्रिज घुरघुरला आणि माजघरात दिवा लागला.

माजघराची ही बाजू मी भिंत झाल्यावर कधी पाहिली नव्हती. चतुर्थीला मी देवघरापाशी उभा राहून परत जायचो. आता बघितलं. भिंतीवर, बरोबर माझ्या टीव्हीच्या मागच्या अंगाला, एक राउटर लावलेला होता. पाहुण्यांच्या खोल्या पार पुढे, माडांत, आणि राउटर इथे. खोल्यांकडून लांबच्या लांब वायर ओढून आणली होती, दाराच्या चौकटीवरून खिळे मारत मारत, भाईच्या हाताचे खिळे, अर्धे वाकडे. त्याच्यासमोर त्याची आरामखुर्ची होती. खुर्ची दाराकडे तोंड करून नव्हती, खिडकीकडेही नव्हती. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून मांडलेली होती, हातभर अंतरावर. तिच्या हातावर सुपारी कातरायचा अडकित्ता आणि बाजूला जमिनीवर आमचा जुना पाट, गणपतीचा, धुऊन पुसून ठेवलेला. शाळेत न्यायचा राहून गेलेला.

मी खुर्चीत बसलो. राउटरचे दिवे एकेक करून लागत गेले, तांबडा, मग पिवळा, मग हिरवा. आणि मग भिंतीतून आवाज आला. आधी झांज, मग पखवाज, मग पेटी. किशोरीने पलीकडे चादर काढून नाटक लावलं असणार. शब्दन् शब्द ऐकू येत होता, राजाचा, राणीचा, माझ्या घरात ऐकू येतो त्याहून स्पष्ट. बसून बसून भाई हेच ऐकत होता. मी त्याला जाळायला आवाज वाढवायचो आणि तो पाय लांब करून सुपारी कातरत नाटक ऐकायचा, स्वतःच्याच नेटवर. शिरा पडो माझ्या तोंडावर! दैत्य आला तसा पखवाज घुमला आणि मी त्या रिकाम्या घरात, साठी उलटलेला माणूस, हुंदके देऊन रडलो.

मग किशोरीच्या नावाने ओरडलो. भिंतीतून तिला ऐकू गेलं. आली तेव्हा मी म्हटलं, "वयनीक फोन लाव." तिने लावला, दोन शब्द बोलली आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे कुणाचा तरी श्वास येत होता, जड. एवढ्या वर्षांचं काय काय साठवून ठेवलं होतं मी, भांडणाचं, कोर्टाचं, सगळं पाठ होतं, आणि त्यातलं एकही वाक्य जिभेवर येईना.

"भाई," मी म्हटलं. "मी सत्यवान. जुनो पाट राहिलो हय. तो उद्या किशोरी शाळेत व्हरतली. एकच. मी गाडी करून थय येतंय, सकाळच्या आत."

मग तो खाकरला. नाटक सुरू झाल्यावर खाकरतो तसाच.

"लागलो रे तुझो टीव्ही?" भाईने विचारलं.